आधी शेजार की आधी घर?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लेखी रूपात. बोलीतलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

फोन हातात आहेच, तर ऐकता ऐकता एक छोटं काम करा. तुमच्यापैकी कितीतरी जण मूळचे सोलापूरचे. आईवडील इथे, तुम्ही हिंजवडीत, खराडीत, नाहीतर हैदराबादला. तर आईवडिलांच्या समोरच्या दारात कोण राहतं, त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का बघा. "समोरचे काका" एवढंच सेव्ह केलेलं असलं तरी चालेल. सोलापूरचे नसाल तर आपापल्या गावाचं नाव घाला. हिशोब तोच आहे.

सापडला नाही ना? बहुतेकांचा सापडत नाही. आज त्याचाच इतिहास सांगते. सोलापुरात लोक एकमेकांना ओळखायला लागले ते कशामुळे, आणि ती ओळख नेमकी कुठे सुटली. "पूर्वी वाडे होते, ओटे होते, काय तो जिव्हाळा" असला सूर मला लावायचा नाहीये. तो व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुकट मिळतो.

मी राहते सात रस्त्याजवळ. बाहेरच्यांसाठी सांगते, सात रस्ता म्हणजे नावाप्रमाणेच सात रस्ते एकत्र येतात तो चौक. कुठला स्टेशनकडे जातो, कुठला विजापूर रोडकडे, कुठला रंगभवनकडे. या चौकाच्या आसपासच्या भागांची नावं जरा कान देऊन ऐका: लष्कर, सदर बझार, रेल्वे लाईन्स. एकही नाव "पेठ" नाहीये. कारण हा भाग गावातून वाढलेलाच नाही. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली, इंग्रजांची छावणी इथे होती, आणि साहेबाला देशी गावापासून लांब राहायचं होतं. पुण्यात तेच, बेळगावात तेच. "लाईन्स" म्हणजे आखून दिलेल्या रांगा. मध्ये बंगला, भोवती आवार, आवाराला भिंत, फाटकावर माणूस. शेजारी दिसू नये आणि त्याचा आवाज येऊ नये, हीच त्या रचनेमागची कल्पना.

आता आपल्या अपार्टमेंटकडे बघा. भिंत आहे, गेट आहे, गेटवर माणूस आहे. बंगला पाडून त्या जागी सोळा फ्लॅट आले, पण राहायची तऱ्हा साहेबाचीच राहिली. फक्त आवार गेलं आणि पार्किंग आलं.

याच गावात दुसरं सोलापूर होतं, पेठांचं. मंगळवार, शुक्रवार, साखर, भवानी, बेगम पेठ. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा इथे नांदल्या, आणि त्या एकमेकींच्या अंगाला लागल्या. "काय करलालास बे?" हे जे आपण पुण्यात बोलून हसू करून घेतो ना, ती मराठी कानडीच्या शेजारानं घडलेली आहे. व्याकरण कुणी शिकवलं नाही, भिंतीपलीकडून ऐकू आलं.

पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. घरातच माग. नवरा विणतोय, बायको कांडी भरतेय, नाहीतर दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय. घर आणि कारखाना एकच असला की दार लावून बसता येत नाही. उजेड लागतो, वारा लागतो, सूत संपलं की कुणाला तरी हाक मारावी लागते. ओट्यावरची ओळख प्रेमातून कमी आणि या गरजेतून जास्त आली, असं माझं मत आहे.

आणि या ओळखीला कुंपण होतं, हे सांगितलं नाही तर इतिहास अर्धा राहील. पेठा म्हणजे बऱ्याच अंशी जातीजातींच्या वस्त्या. कुणी कुणाच्या ओट्यावर बसायचं हे ठरलेलं. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले. शेजारी नीट ओळखू आला म्हणून त्याला हाकललं, असाही या ओळखीचा एक इतिहास आहे. आजही फ्लॅट भाड्याने घेताना आडनाव विचारतात तेव्हा चौकशी त्याचीच असते.

सोलापुरात तर "सेटलमेंट" नावाचा भागच आहे. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. रोज हजेरी. कोण आत आहे, कोण बाहेर गेला, कधी परतला, सगळं लिहून ठेवलेलं. तो कायदा देशभरातून रद्द झाला १९५२ साली. गेटवरचं ॲप पाहुण्याचा फोटो काढून आत सोडतं तेव्हा मला ती हजेरी आठवते. दोन्हींची बरोबरी नाही, अजिबात नाही. पण नोंद ठेवणं आणि ओळख असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तिथे कळतं.

मग पेठांची ही कुंपणं ओलांडून लोक कुठे भेटले? गिरणीत. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, आपली जुनी मिल. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम मिल. भोंगा झाला की वेगवेगळ्या पेठांतली माणसं एकाच फाटकातून आत जायची. शेजारी कोण उभा राहणार हे जातीवर पूर्ण सोडता येत नव्हतं. तिथेही भेदभाव होता, पण पगार कापला तर सगळ्यांचा कापला जायचा. युनियन निघाली, संप झाले.

तुम्ही सकाळच्या ज्या गाडीने पुण्याला परतता, त्या हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव कुणावरून पडलं माहितीये? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, लोक मेले, आणि १२ मे पासून जूनअखेरपर्यंत इथे मार्शल लॉ होता. लष्कराच्या ताब्यात अख्खं शहर. त्या धामधुमीत पोलीस मारले गेले, त्या खटल्यात या चौघांना गोवलं आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. नुसती नावं वाचली तरी कळतं की हे एका जातीचे नव्हते, एका धर्माचे नव्हते, एका धंद्यातलेही नव्हते. चळवळीचं काम नसतं तर हे चौघं एका ओट्यावर बसले असते का? मला शंका आहे.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये. आशुतोष वार्ष्णेय नावाचे अभ्यासक आहेत. दंगली होणारी शहरं आणि न होणारी शहरं अशा जोड्या लावून त्यांनी अभ्यास केला. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. २००२ मध्ये पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ ही देवाणघेवाण छानच, पण मोठ्या शहरात ताण आला की ती टिकेलच असं नाही. टिकतात त्या संघटना, जिथे दोन्हीकडचे लोक मिळून काहीतरी चालवतात. युनियन, व्यापारी मंडळ, क्लब, वाचनालय.

त्याचा आपल्या राज्यातला दाखला म्हणजे भिवंडी. सोलापूरसारखंच मागाचं गाव. तेलंगणातले पद्मशाली तिथेही आहेत, उत्तरेतून आलेले मुस्लिम विणकरही आहेत. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. पुढे सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि १९८८ पासून त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीतले हिंदू, गल्लीतले मुसलमान आणि ठाण्यातला पोलीस, ठरलेल्या वेळी एका सतरंजीवर. विषय काय? नळ, गटार, भांडण, कुणाची म्हैस कुणाच्या दारात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसं मेली. शेजारच्या भिवंडीत दंगल झाली नाही. आणि सोलापूर? इथे ऑक्टोबर २००२ मध्ये दंगल झाली. तोवर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थंड होत आले होते. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचते.

गड्ड्याच्या यात्रेतही मला तेच दिसतं. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे. तो उंच, जड काठीसारखा ध्वज कमरेला बांधून पेलायचा म्हणजे आधी कित्येक दिवस सराव लागतो. एकाने पेलायचा, बाकीच्यांनी सावरायचा. सराव चुकवला तर मिरवणुकीत सगळ्यांसमोर तोल जातो.

आता घराकडे येऊ. "सोसायटी" हा शब्द आपण रोज वापरतो. सोसायटीची मीटिंग, सोसायटीचा मेंटेनन्स. पण हा शब्द बिल्डिंगसाठी नव्हताच. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली, श्रीपाद सुब्राव तालमकी त्यामागे होते. सोसायटी म्हणजे माणसांची मंडळी. आधी माणसं जमली, त्यांनी पैसे काढले, मग इमारत. अर्थात ती मंडळी एका जातीची होती, आणि "आमच्यातलेच हवेत" ही कल्पना आपल्या गृहनिर्माणात तिथूनच बसली. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या बाजूने निकाल देऊन, सभासद आपल्याच समाजाचे ठेवायचा सोसायटीचा नियम वैध ठरवला. मला तो निकाल पटत नाही, पण आहे तो असा आहे.

पण आधी माणसं आणि मग घर, ही रीत जात न विचारता कुणी चालवली असेल तर ती सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी. इथे मला थोडं रेंगाळू द्या.

विडी वळणारी बाई सकाळी कारखान्यातून तंबाखू आणि तेंदूची पानं आणते, घरी बसून हजाराच्या हिशोबाने विड्या वळते, आणि नेऊन देते. माल कमी भरला, विडी सैल निघाली, की छाट. या बायका घरात एकेकट्या काम करतात, म्हणून त्यांना संघटित करणं अवघड. पण माल द्यायला त्या एकत्र येतात, रांगेत उभ्या राहतात. रांगेत बोलणं होतं. तेलुगू बोलणारी, कानडी बोलणारी, मराठी, उर्दू. भाडं परवडत नाही, खोलीत पाऊस गळतो, मालक पाणी तोडतो, सगळ्यांचं रडगाणं एकच. सिटूचे नेते आणि पुढे आमदार झालेले नरसय्या आडम, गावात सगळे "आडम मास्तर" म्हणतात, यांनी या रांगांमधून घराची मागणी उभी केली. मोर्चे किती निघाले त्याची गणती नाही. त्यातून कॉम्रेड गोदावरी परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. नावातला "महिला" शब्द लक्षात ठेवा. पैसे केंद्राने घातले, राज्याने घातले, आणि बायकांनी स्वतःचे घातले. अक्कलकोट रोडवर कुंभारीला सुमारे दहा हजार घरं उभी राहिली, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं वाटप झालं.

त्याच कुंभारीला पुढे रे नगर. तीस हजार घरांची योजना. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, रिक्षा चालवणारे, फेरीवाले. पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते, आणि पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला, त्यांच्याच हस्ते. लाल बावट्याचे आडम मास्तर आणि मोदी एका मंचावर, यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. मला त्यातलं राजकारण इथे नको. मला एवढंच दिसतं की त्या घरांच्या भिंती उभ्या राहायच्या आधी तिथल्या बायका कित्येक वर्षं एकमेकींना मोर्च्यात, रांगेत, सभेत भेटत होत्या.

आपल्या फ्लॅटचं उलटं. १९६३ चा फ्लॅट मालकीचा कायदा आला. बिल्डर बांधणार, विकणार, आणि पुरेसे फ्लॅट विकले गेले की सोसायटी नोंदवून देणार. म्हणजे सोसायटी सगळ्यात शेवटी, लिफ्टच्या चावीसोबत. नवरा-बायकोने एक बँक बघितली, एक ब्रोशर बघितलं आणि सही केली. शेजारी कोण येणार हे त्यांना जसं ट्रेनच्या डब्यात कळतं तसं कळतं. यात लोकांचा दोष काय? एकत्र करायचं काही कामच ठेवलेलं नाही. मेंटेनन्स ऑनलाईन भरला की संपलं.

पाण्याचंच घ्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. पेठेत पाण्याची बातमी दारोदार फिरते. "अक्का, आलं का ओ?" "अजून नाही की." रात्री दोनला कुणी तरी भिंतीवर थाप मारून उठवतं. त्रास आहे, झोपमोड आहे, भांडणंही आहेत. पण रात्री दोनला तुमचं दार वाजवायचा हक्क असलेलं माणूस तुम्हाला आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमन व्हॉल्व्ह फिरवतो, टाकी भरते, कुणाला पत्ता नसतो. टँकर मागवायची वेळ आली की मात्र ग्रुपवर सोळा जण सोळा मतं देतात. ती भांडणं मला आवडतात, खरं सांगू का. वर्षातून तेवढ्याच वेळी सगळे एकमेकांशी बोलतात.

हे सगळं नुसतं गंमत म्हणून नाहीये. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. ४३-४४ अंश आपल्याला नवीन नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत शिकागोला उष्णतेची लाट आली आणि काही दिवसांत नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. बरीचशी म्हातारी, बरीचशी एकटी, बंद दारामागे. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. पण एका वस्तीत मृत्यू कितीतरी जास्त. फरक काय? कमी मृत्यूंच्या वस्तीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं उन्हातसुद्धा बाहेर पडत होती, आणि दिसली नाहीत तर कुणाला तरी ते जाणवत होतं. दुसऱ्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस, लोक घाबरून आत.

गेल्या मे महिन्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर एका दाराला दुधाच्या दोन पिशव्या लटकलेल्या होत्या. आत सत्तरी ओलांडलेले एक काका, मुलगा पुण्यात. पिशव्या बघून थांबल्या त्या आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. त्या कुंभारीच्या, परुळेकर संस्थेतल्या. पूर्वी विड्या वळायच्या, आता बोटं चालत नाहीत म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरची कामं करतात. सोळाही दारांमागे कोण आहे, कुणाला शुगर आहे, कुणाची सून कधी यायची आहे, सगळं त्यांना माहीत. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ओळखणारं एकच माणूस, आणि ते इथे राहत नाही. मावशींनी बेल वाजवली, मग दार ठोठावलं, मग आम्हाला हाक मारली. काका बेशुद्ध नव्हते, पण उठता येत नव्हतं, दोन दिवस पाण्याचा तांब्याही हाताला आला नव्हता. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, वाचले. मुलाला कळवायचं कसं, हा प्रश्न मात्र तासभर सुटला नाही. काकांचा फोन लॉक होता आणि त्याचा नंबर सोळांपैकी एकाही घरात नव्हता. शेवटी काकांनीच, जीभ जरा ओली झाल्यावर, आकडे सांगितले.

त्यानंतर मावशींना मी विचारलं, तुमच्याकडे असं झालं असतं तर? त्या म्हणाल्या, "आमच्यात दार सकाळी सातला उघडं नाही दिसलं तर शेजारीण आत येतेच की. विचारत नाही, येते." मग जरा थांबून म्हणाल्या, "कटकट पण लै असते हां त्याची. तुम्हाला नाही चालायची."

चालेल की नाही हे आम्ही सध्या बघतोय. आमच्या बिल्डिंगमध्ये आता जिन्याखाली एक साधा फळा लावलाय. पाणी कधी आलं, टँकर कुणी सांगितला, कोण गावाला गेलंय, कोणत्या घरी एकटं माणूस आहे आणि त्यांच्या मुलांचा नंबर काय, हे खडूने लिहायचं. नंबर असा उघड लिहू नये म्हणून दोन घरांनी वाद घातला, आणि त्यांचं बरोबर होतं. मग नंबरांची वही वेगळी केली, ती तळमजल्यावरच्या काकूंकडे असते. वही आणायला गेलं की काकू चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे नंबर लिहायला पंधरा मिनिटं लागतात. टँकरचा हिशोब ठेवायची पाळी दर महिन्याला बदलते. पहिल्या महिन्यात ती माझ्याकडे होती. चार घरांकडे पैसे मागायला दोनदा जावं लागलं, आणि तेव्हा कळलं की दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा जाम मिलमध्ये होते. त्यांची मुलाखत घ्यायची ठरली आहे. जमलं तर पुढच्या भागात.

तोवर तुमच्या गल्लीत, बिल्डिंगमध्ये पाणी आल्याची बातमी कशी फिरते, याची व्हॉइस नोट करून पाठवा. कानडीत, तेलुगूत पाठवलीत तरी चालेल, आमच्याकडे ऐकून सांगणारे शेजारी आहेत.